कमळ नेमके कोणते? एका चिठ्ठीच्या निमित्ताने

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. विष्णुपुरीच्या आमच्या चिकित्सालयात एक वृद्धा आपल्या चार वर्षांच्या नातवास घेऊन आल्या. घर हिंदी-पंजाबी बोलणारे, वास्तव्य मात्र तीन पिढ्यांपासून नांदेडचे. बालकास वारंवार छर्दी होत असे. आम्ही इतर औषधांसोबत चिठ्ठीवर ‘कमळकाकडी चूर्ण, मधासह’ असे लिहून दिले. आठ दिवसांनी त्या पुन्हा आल्या.

“बीजी, औषध घेतो ना व्यवस्थित?”

“रोज ताजी किसून देते, डॉक्टरसाहेब. पण थुंकून टाकतो. धागे निघतात ना तिचे!”

‘धागे’ हा शब्द कानी पडला आणि आमची चूक आमच्या ध्यानी आली. मराठी वैद्य कमळकाकडी म्हणतो ते कमळाचे बीज. हिंदी भाषक घरात कमल ककडी म्हणजे भाजीला वापरतात तो चिखलातील कंद. बीजींनी भाजीबाजारातून शोधून शोधून कंद आणला होता आणि श्रद्धेने किसून दिला होता. कंद हे आहारद्रव्यच असल्याने बालकास अपाय झाला नाही. परंतु जे द्यावयाचे ते आठ दिवस पोटात गेलेच नाही. दोष बीजींचा नव्हता, औषधविक्रेत्याचाही नव्हता. तो चिठ्ठी लिहिणाऱ्या आमच्या हाताचा होता.

त्या दिवसापासून ‘कमळ’ हा शब्द लिहिताना आमची लेखणी क्षणभर थांबते. ज्या फुलास भारतात, चीनमध्ये, जपानात, प्राचीन मिसर देशात देवत्व लाभले, ज्याच्यावर काव्यांच्या राशी रचल्या गेल्या, त्याची ओळख इतकी संदिग्ध का असावी? शोध घेऊ लागलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. निरनिराळ्या संस्कृतींनी कमळास जे अर्थ दिले ते हवेतून दिलेले नाहीत. वनस्पतीच्या एखाद्या प्रत्यक्ष लक्षणावर बोट ठेवूनच ते दिलेले आहेत. आणि वैद्याने द्रव्याची परीक्षा करावयाची ती याच लक्षणांवरून.

मूळ घोटाळा असा की, जलात उमलणाऱ्या दोन सर्वस्वी भिन्न कुळांतील वनस्पतींना आपण एकाच नावाने हाक मारतो. एक खरे कमळ, म्हणजे पद्म, निलुम्बो न्यूसिफेरा. दुसरा कुमुद-उत्पलांचा समूह, म्हणजे निम्फिया प्रजाती. सामान्यांनाच दोष द्यावा असेही नाही. लिनियससारख्या वनस्पतिशास्त्राच्या आद्य पंडितानेही १७५३ मध्ये कमळास निम्फियामध्येच घातले होते. निलुम्बो न्यूसिफेरा हे नाव गेर्टनरने १७८८ मध्ये दिले. निलुम्बो हा शब्द सिंहली ‘नेलुम’वरून आलेला आहे, आणि न्यूसिफेरा म्हणजे कठीण कवचाचे फळ धरणारी. गेल्या काही दशकांत वनस्पतींच्या जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा तर आश्चर्यच बाहेर आले. निम्फिया ही सपुष्प वनस्पतींच्या अतिप्राचीन शाखेतील, तर कमळाचे जवळचे नातलग कोण, तर चिनार! काश्मीरच्या दल सरोवरात पाण्यात कमळ आणि काठावर चिनार असे जे दृश्य दिसते, तो वस्तुतः एका गणातील दोन दूरच्या भावंडांचा शेजार आहे. तेथील लोक कमळाच्या कंदास नदरू म्हणतात आणि मोठ्या आवडीने खातात.

आपल्या ग्रंथकारांस मात्र हा भेद अवगत होता. चरकसंहितेतील मूत्रविरजनीय महाकषायात पद्म, उत्पल, नलिन, कुमुद, सौगन्धिक, पुण्डरीक आणि शतपत्र ही सात नावे वेगवेगळी मोजून दहा द्रव्यांची संख्या पूर्ण केली आहे. ही नुसती पर्यायी नावे असती तर दहाची संख्या जुळलीच नसती. सुश्रुताच्या उत्पलादि गणात उत्पल, रक्तोत्पल, कुमुद, सौगन्धिक, कुवलय, पुण्डरीक आणि मधुक आहेत; तेथे अग्रमान उत्पलास आहे. भैषज्यरत्नावलीतील अरविंदासव आपण सारेच बालरोगांत नित्य वापरतो. त्यात अरविंद आहे आणि नीलोत्पल स्वतंत्रपणे आहे. दोन्ही एकच मानून एकाच गोणीतून दुप्पट वजन घालणे म्हणजे पाठ मोडणे होय.

गोंधळ शिरला तो रंगांच्या वाटेने असे आम्हांस वाटते. सोळाव्या शतकातील भावप्रकाशाने कमळाचे रंगभेद सांगताना श्वेत ते पुण्डरीक, रक्त ते कोकनद आणि नील ते इन्दीवर असे म्हटले. परंतु निलुम्बो न्यूसिफेरामध्ये नीलवर्ण आढळतच नाही. पांढरा आणि गुलाबीच्या छटा, इतकेच. पिवळे कमळ आहे, पण ती अमेरिकेतील दुसरी जाती. तेव्हा इन्दीवर हे निम्फियाच्याच पदरात टाकावे लागते. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशानेही कमल म्हणजे निलुम्बो न्यूसिफेरा आणि उत्पल म्हणजे निम्फिया स्टेलाटा असा निवाडा दिला आहे. (या दुसरीस आता बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ निम्फिया नौचाली म्हणतात.) अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणि बोधिसत्त्व आपल्या मराठवाड्याचे भूषण. नाव पद्मपाणि, परंतु त्याच्या हातातील फूल अनेक अभ्यासकांनी नीलोत्पल मानले आहे. चित्रकारास क्षमा आहे, औषधनिर्मात्यास नाही.

आता प्रत्यक्ष परीक्षेकडे वळू, आणि आरंभ पानापासून करू, कारण फूल वर्षातून काही महिनेच असते. कमळाचे पान वाटोळे, अखंड. देठ मध्यभागी जडलेला, छत्रीच्या दांड्यासारखा. आणि वाढलेल्या वेलीची पाने पाण्याबाहेर वर उभी. कुमुद-उत्पलाचे पान पाण्यावर पसरलेले, आणि कडेपासून देठापर्यंत त्यास एक चीर. कमळपत्रावर पाणी टाकले असता ते मोत्यासारखे घरंगळते, पान ओले होत नाही. भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायातील निर्लेप कर्मयोग्याचा दृष्टांत याच पानाचा. विष्णुपुरीहून गोदावरी ओलांडून नांदेडात आले की सचखंड श्री हजूर साहिब. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी जेथे देह ठेवला ते हे स्थान. तेथे नित्य वाचल्या जाणाऱ्या गुरू ग्रंथसाहिबात गुरू नानकदेवांची ‘सिध गोसटि’ आहे. जगात राहून जगापासून अलिप्त कसे राहावे या सिद्धांच्या प्रश्नास नानकदेवांनी पाण्यातील कमळाचा आणि पंख न भिजणाऱ्या जलपक्ष्याचाच दाखला दिला आहे. गोदेच्या दोन तीरांवर दोन परंपरा एकाच पानाकडे बोट दाखवितात.

या अलिप्ततेचे कारण १९९७ मध्ये बॉन विद्यापीठातील विल्हेल्म बार्थलॉट आणि ख्रिस्टोफ नाइनहुइस यांनी विशद केले. पानाच्या पृष्ठावर अतिसूक्ष्म उंचवटे असून त्यांवर मेणाच्या नलिकांचे आवरण असते. थेंबाला टेकण्यास जागाच अत्यल्प मिळते. तो गोल राहतो आणि घरंगळताना धूळही घेऊन जातो. आता या तत्त्वावर भिंतींचे रंगही तयार होतात. आम्हांस मात्र यात वैद्यकीय उपयोग दिसतो: कमळपत्र म्हणून आणलेल्या ताज्या पानावर चमचाभर पाणी टाकावे, की अर्धी परीक्षा झाली.

फुलाच्या वेळेचेही तसेच. कमळ सकाळी उमलते, दुपार कलली की मिटू लागते, आणि असे तीन-चार दिवस करून पाकळ्या गाळते. श्वेत कुमुद रात्री उमलते. कवींनी एकास सूर्याशी आणि दुसऱ्यास चंद्राशी जोडले ते निरीक्षणानेच. (नीलोत्पलाच्या बाबतीत मात्र कवींवर विसंबू नये. काव्यात ते अनेकदा रात्री उमलते, प्रत्यक्षात निम्फिया नौचालीची फुले दिवसा उमललेली दिसतात.) सुश्रुताने शारीरस्थानात हृदय अधोमुख पुण्डरीकासारखे असून ते जागेपणी विकसित होते व निद्रेत मिटते असे वर्णन केले आहे. पुण्डरीक म्हणजे श्वेत पद्म, दिवसा उमलणारे, हे ध्यानी घेतले तरच हा दृष्टांत जुळतो. तेथे कुमुद घेतले तर हृदय झोपेत उघडावे लागेल! टीका वाचताना वनस्पती समोर असावी, ती यासाठी.

ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात कोरडे लाकूड पोखरणारा भ्रमर कोवळ्या कळीत मात्र अडकतो, असा अर्जुनाच्या मोहाचा दृष्टांत आहे. तो आपण स्नेहाच्या बंधनाचा म्हणून वाचतो आणि पुढे जातो. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील रॉजर सेमूर यांनी कमळपुष्पाचे तापमान मोजून दाखविले की, बाहेरची हवा १० अंशांपर्यंत उतरली तरी फूल आतून सुमारे ३० ते ३५ अंश सेल्सिअस उष्णता राखते. ही ऊब आणि गंध यांमुळे भुंगेरे आत शिरतात, फूल मिटले की रात्र तेथेच काढतात आणि सकाळी पराग घेऊन बाहेर पडतात. ज्ञानदेवांचा दृष्टांत वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही खरा आहे, हे वाचून आम्हांस झालेला आनंद येथे नोंदविल्यावाचून राहवत नाही.

फळ ही तिसरी आणि सर्वांत निःसंदिग्ध खूण. कमळाची कर्णिका शॉवरच्या झारीसारखी, वर सपाट, तीत खाचांखाचांतून बसलेली बीजे. कुमुदाचे फळ मात्र स्पंजासारखे मऊ, पाण्याखाली पिकणारे, आणि त्यात मोहरीसारखे बारीक असंख्य दाणे. येथे मिसर देशाची आठवण अपरिहार्य आहे. मिसरचे ‘पवित्र कमळ’ म्हणून जे प्रसिद्ध आहे, ज्यातून नेफरतेम देव प्रकटला, आणि १९२२ मध्ये उघडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात बालराजाचे मस्तक ज्या उमलत्या फुलातून वर येताना दाखविले आहे, ते फूल कमळ नव्हे. नाईल नदीतील नीळे निम्फिया होय. ते सकाळी पाण्यातून वर येऊन उमलते म्हणून मिसरी लोकांस त्यात रोज नव्याने जन्मणारा सूर्य दिसला. खरे कमळ मिसरात पुढे पारशी साम्राज्याच्या काळात पोहोचले असे मानतात. इ. स. पूर्व पाचव्या शतकात हिरोडोटस तेथे गेला, तेव्हा त्याने दोन्ही फुले वेगळी वर्णिली. दुसरे गुलाबासारखे असून त्याचे फळ गांधीलमाशीच्या पोळ्यासारखे असते आणि त्यातील ऑलिव्हच्या कोयीएवढी बीजे लोक खातात, असे तो सांगतो. कर्णिकेचे याहून अचूक वर्णन आमच्या पाहण्यात नाही.

बीजाची कथा तर संहितेत शोभावी अशी. १९५१ मध्ये जपानातील चिबा येथे इचिरो ओगा यांना पुरातन पिटाच्या थरांत कमळबीजे सापडली. त्यांतील एक रुजले आणि १९५२ च्या जुलैत फुलले. ते बीज सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे मानले जाते. ईशान्य चीनमधील एका जुन्या तळ्याच्या तळाशी मिळालेले सुमारे १३०० वर्षांपूर्वीचे बीजही शास्त्रज्ञांनी रुजवून दाखविले. लक्ष्मीच्या जपासाठी कमळाक्षाची माळ घेणाऱ्यांस आपल्या हातात काय आहे याची कल्पना असते काय? तो कवच घासण्याची वाट पाहणारा जीव आहे.

बाजारात मात्र या बीजाच्या नावाने दुसरेच काही खपते. मखाना म्हणजे कमळाचे लाह्या केलेले बी, अशी समजूत सर्वत्र पसरली आहे, आणि आहारसल्ले देणाऱ्यांनी ती दृढ केली आहे. मखाना ही युर्याली फेरॉक्स नावाची, प्रचंड काटेरी पानांची वनस्पती. ती कुमुदाच्या कुळातील, कमळाच्या नव्हे. बिहारच्या मिथिला प्रदेशातील मखान्यास २०२२ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. द्रव्य उत्तम, परंतु ते कमळबीज नव्हे. पुष्करमूळ हे नाव कमळाचे, द्रव्य इन्युला रेसिमोसाचे. पद्मक म्हणजे हिमालयातील रानटी चेरीचे काष्ठ. आपल्या अंगणात रात्री फुलणारे ‘ब्रह्मकमळ’ हा तर अमेरिकेतून आलेला निवडुंग. एकदा द्रव्यगुणाच्या एका विद्यार्थ्याने काळेश्वर मंदिराजवळ नदीकाठी तरंगणारी जांभळी फुले दाखवून आम्हांस ‘सर, नीलकमल’ असे मोठ्या उत्साहाने सांगितले. ती जलपर्णी होती, दक्षिण अमेरिकेतून येऊन आपल्या नद्या गिळणारी. वास्तविक विष्णुपुरीच्या जलाशयात कमळाची अपेक्षाच चुकीची. त्यास संथ, उथळ, चिखलाचे पाणी हवे. धरणाचे खोल आणि सतत चढउतार होणारे पाणी त्यास मानवत नाही.

सर्वाधिक सावधगिरी हवी ती केसराबाबत. चरकाने रक्तार्शात केशर, नवनीत आणि शर्करा यांचा नित्य प्रयोग सांगितला आहे. तेथे केशर म्हणजे कमळाचे केसर, किंजल्क, असे बहुतेक जण घेतात; कोणी नागकेशर घेतात. एका रक्तार्शाच्या रुग्णास आम्ही हा प्रयोग दिला. तीन आठवडे झाले, रक्त थांबेना. शेवटी पुडी मागवून कागदावर पसरली. तीत पिवळे तंतू नावापुरते, बाकी रुंद, चपटे, पाकळीवजा पुंकेसर. ते कुमुदाचे. कमळाचा पुंकेसर सडपातळ असून त्याच्या टोकास पांढरट, गदेसारखे लहान बोंड असते. ते भिंगाशिवायही दिसते. रुग्णाचे रक्त तीन आठवडे अधिक गेले, हिमोग्लोबिन उतरले, आणि त्यास लोह देण्याची वेळ आली. कुमुदही शीत आणि ग्राही आहे, म्हणून चालून जाईल, असे म्हणणारे वैद्य आम्हांस भेटतात. आमचे मत स्पष्ट आहे: प्रतिनिधिद्रव्य वैद्याने जाणून द्यावयाचे असते, पुडीने परस्पर ठरवावयाचे नसते.

या संदर्भात चिनी वैद्यकाकडे पाहणे उद्बोधक ठरेल. तेथे कमळाचे प्रत्येक अंग हे स्वतंत्र नावाचे स्वतंत्र औषध आहे. कंदाच्या पेरांचा आणि कर्णिकेचा उपयोग रक्तस्राव थांबविण्यासाठी, केसराचा धातुस्रावात स्तंभनासाठी, बीजाचा अतिसारात, आणि बीजाच्या पोटातील हिरव्या कडू अंकुराचा हृदयातील उष्णता व अनिद्रा यांसाठी. आपण बीज वापरताना जो हिरवा अंकुर काढून टाकतो, तो तेथे तोलून विकला जातो. आपणही संवर्तिका, कर्णिका, किंजल्क, मकरंद, मृणाल, बिस अशी अंगोपांगांची नावे भावप्रकाशात वाचतो. परंतु चिठ्ठीवर नुसते ‘कमळ’ लिहितो. अकराव्या शतकातील चिनी विद्वान झोउ दुनयी याने चिखलातून येऊनही न मळणाऱ्या या फुलास सज्जनाची उपमा दिली, ती तेथील शाळकरी मुलांसही ठाऊक असते. त्याच मुलांच्या ताटात कमळकंदाची भाजी असते, आणि त्यांच्या शेजारच्या जपानात नववर्षाच्या दिवशी कंद खातात. त्याच्या छिद्रांतून पुढचे वर्ष दिसावे म्हणून! पूज्यता आणि उपयोग यांची तेथे फारकत झालेली नाही.

आपल्याकडे ही फारकत नेहमीच होती असे नव्हे. मराठवाड्यात तेर येथे मिळालेल्या लज्जागौरीच्या लहान मूर्तींत देवीच्या मस्तकाच्या जागी उमललेले कमळ असते आणि देह प्रसूतीच्या आसनात. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या ग्रंथात या देवतेचा आणि रेणुकेसारख्या मातृदेवतांचा संबंध विस्ताराने मांडला. माहूरची रेणुका तर आपल्याच जिल्ह्यातील. सृजनाची देवता कमळमुखी, आणि सुश्रुताने सातव्या महिन्यात गर्भरक्षणासाठी सांगितलेल्या योगात शृंगाटक, द्राक्षा, कशेरुक यांच्या जोडीस बिस, म्हणजे कमळाचाच देठ. मूर्तिकार आणि वैद्य एकमेकांस विचारून हे करीत होते असे आमचे म्हणणे नाही. परंतु दोघेही गर्भिणीच्या काळजीने एकाच तळ्याकाठी गेले, हे नाकारता येत नाही.

त्या तळ्याविषयीही दोन शब्द. कमळ चिखलातून निर्मळ वर येते हे पान-फुलापुरते खरे. कंद आणि मुळे मात्र चिखलातील जड धातू शोषून घेतात. ज्या तळ्यात गावाचे सांडपाणी उतरते तेथील बिस-कंद औषधात घेऊ नये.

बीजींच्या प्रसंगानंतर आम्ही चिठ्ठीवर अंग आणि द्रव्य दोन्ही लिहू लागलो: ‘कमळबीज, काळे, कठीण, फोडून, हिरवा अंकुर काढून’. ओळ लांबते, पण रुग्ण फसत नाही. शिवाय चिकित्सालयाच्या दारात मातीची एक रुंद कुंडी ठेवली. कमळाक्षाच्या माळेतील चार मणी सहाणेवर एका टोकास पांढरे दिसेपर्यंत घासले आणि पाण्यात टाकले. आठवड्याच्या आत तिघांस अंकुर फुटले. पहिली पाने आली ती पाण्यावर पसरून तरंगणारी. तेव्हा येणारे जाणारे वैद्यबंधू ‘हे तर कुमुद दिसते’ असे म्हणून आमची थट्टा करीत. आम्ही त्यांना पानाचा देठ पाहण्यास सांगत असू. श्रावण सरता सरता एक पान गुंडाळलेलेच पाण्याबाहेर आले, वीतभर वर चढले आणि उघडले. बीजी तेव्हा रक्तदाब दाखविण्यास आल्या होत्या. त्यांनी ओंजळीने पानावर पाणी टाकले, थेंब घरंगळताना पाहिले आणि विचारले, “आता याची ककडी कधी निघणार?”